एका दारासाठी महासंघ

रंगराव साळवे बर्नला जाऊन आले होते. कर्वेनगरात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस बहुधा त्याच दिवशी सकाळी राहायला आलेला असे, आणि संध्याकाळपर्यंत त्यालाही ती कळलेली असे.

बर्न म्हणजे स्वित्झर्लंडमधलं. जगातल्या सगळ्या टपाल खात्यांची मिळून जी संघटना आहे, तिचं मुख्य ठाणं तिथे आहे. टपाल खात्यात असताना एका बड्या साहेबांबरोबर रंगराव तिथल्या परिषदेला गेले होते, ते साहेबांच्या फायली सांभाळायला. पण फायली सांभाळता सांभाळता कानावर पडायचं ते पडतंच. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे देश तिथे शेजारी बसून पाकिटाच्या वजनावर गोडीने बोलत होते. 'टपालापुरतं सगळं जग हा एकच प्रदेश' हे त्या संघटनेचं जुनं तत्त्व. ते रंगरावांच्या मनात जे राहायला आलं, ते त्यांच्या निवृत्तीनंतरही जागा सोडेना. येताना त्यांनी एक छत्रीही आणली होती. लांब दांड्याची, घेराला त्या शहराचं निशाण असलेली अस्वलं छापलेली. पावसाळ्यात भिजेल आणि उन्हाळ्यात रंग उडेल म्हणून ती आजवर उघडलेली नव्हती. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ती उभी असे आणि पाहुण्यांना बाहेरूनच दाखवली जाई.

आता भिंतीचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ भिंतीपासून सुरू झाला. रंगराव राहत त्या मैत्रेय सोसायटीच्या पाठीला पाठ लावून अनुपम सोसायटी होती आणि दोघींच्या मध्ये पुरुषभर उंचीची विटांची भिंत होती. ही भिंत कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळीत रंग द्यायची वेळ आली की दोन्ही सोसायट्या ती आपली म्हणत, कारण रंग आपल्या आवडीचा हवा. पोपडे निघाले, विटा निसटल्या, की ती भिंत एका रात्रीत शेजारच्यांची होई. हा पेच इतका जुना होता की त्याचा कुणाला त्रास होईनासा झाला होता.

भिंतीच्या अलीकडे रंगरावांच्या पत्नी शर्मिलाताई आणि पलीकडे दुर्गाबाई. दोघींनी एकाच शाळेत उभा जन्म फळ्यासमोर काढला होता. पूर्वी रस्त्याने वळसा घालून एकमेकींकडे जाणं काही कठीण नव्हतं. पण मग शहरात आयटी आलं, आणि त्या रस्त्यावरून हडपसर आणि हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, त्यांच्यामागे मोटारी आणि मोटारींच्या फटींतून दुचाक्या अशा काही वाहू लागल्या की तो ओलांडायचा म्हणजे आधी घरच्यांचा निरोप घ्यावा. त्यातून शर्मिलाताईंचे गुडघे बोलायला लागले होते. तेव्हा दोघींनी मधला मार्ग काढला. दुपारची झोप झाली की शर्मिलाताई उपड्या कुंडीवर चढत, दुर्गाबाई पलीकडे स्टुलावर चढत, आणि भिंतीवरून गप्पा चालत. बुद्धपौर्णिमेची खीर भिंतीवरून तिकडे जाई, होळीची कटाची आमटी इकडे येई, आणि भांडी रिकामी परत करायची नाहीत हा नियम दोन्ही बाजूंनी न लिहिता पाळला जाई.

एके दिवशी कुंडी फुटली आणि शर्मिलाताई खाली आल्या. पाय मुरगळला. रंगरावांनी पायाला हळद लावली, आणि लावता लावताच त्यांच्या डोळ्यांसमोर बर्न उभं राहिलं.

"भिंतीत एक लहानसं दार करायचं," ते म्हणाले.

"अहो, मग सर्जेरावांना सांगा. त्यांचा गडी दुपारपर्यंत भोक पाडून देईल."

"भोक? शर्मिला, ही दोन स्वतंत्र संस्थांमधली सरहद्द आहे. तिथे भोक पाडत नसतात, तिथे करार करतात."

शर्मिलाताईंनी पाय वळवून हळदीला दुसरी बाजू दिली.

सर्जेराव म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जे वाळू-विटांचे ढीग दिसतात त्यांचे मालक. ही सगळी वस्ती जिच्यावर उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या घरची होती. जमीन गेली, पैसे आले, पैशांचा जेसीबी आणि दोन टँकर आले. उन्हाळ्यात महापालिकेचा नळ गुरगुरून गप्प बसला की सगळ्या सोसायट्या त्यांच्याकडे धाव घेत. पण आंतरराष्ट्रीय कराराच्या कामात वाळूवाल्याला घालणं रंगरावांना पटणं शक्य नव्हतं.

ते सदरा बदलून अनुपमचे अध्यक्ष बद्रीनाथ उकिडवे यांच्याकडे गेले. उकिडव्यांनी दार अर्धंच उघडलं. पुण्यात अर्धं दार म्हणजे स्वागत समजायचं असतं. रंगरावांनी दाराची कल्पना मांडली, बर्नचा दाखला दिला आणि टपालाच्या एकसंध प्रदेशाबद्दल सांगितलं. उकिडव्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

रंगराव जवळजवळ नाचत घरी आले. "बघू म्हणाले."

"म्हणजे नाही म्हणाले," शर्मिलाताई म्हणाल्या.

"बघू म्हणजे नाही कसं होईल? बघू म्हणजे विचाराधीन."

रंगरावांचीही यात चूक नव्हती. त्यांचा जन्म पुण्यातला असला तरी लहानपण आणि नोकरी सारी भोपाळ, रायपूर, दिल्ली अशी परमुलखात गेलेली, आणि शर्मिलाताई शाळेपायी इथेच राहिलेल्या. पुण्याचं 'बघू' ऐकत ऐकत मोठं व्हावं लागतं. 'नाही' म्हटलं तर समोरचा कारण विचारतो, वाद घालतो, वर बसतोही, आणि बसला की चहा करावा लागतो. 'बघू' म्हटलं की तो आपणहून जिना उतरतो. एवढ्या कमी खर्चात एवढा नकार दुसऱ्या कुठल्या शहरात मिळत असेल असं वाटत नाही.

पुढच्या रविवारी रंगराव पुन्हा गेले. तेव्हा उकिडव्यांना जरा सविस्तर बोलावं लागलं. एका व्यक्तीशी अनुपम व्यवहार करू शकत नाही, संस्था हवी, असं ते म्हणाले. हे ते निव्वळ टाळण्यासाठी म्हणाले होते. पण ज्याने बर्न पाहिलंय त्याला संस्था काढ म्हणणं म्हणजे कोल्ह्याला द्राक्षाच्या मळ्याची राखण देणं. आठवड्याभरात 'परस्पर सहकार्य महासंघ' स्थापन झाला. अनुपमच्या पलीकडची सिद्धकला सोसायटीही त्यात आली, कारण दार झालं तर मैत्रेयची माणसं अनुपममधून आमच्या गेटसमोर निघणार, तेव्हा आम्हालाही बोलायचा हक्क हवा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्यातर्फे आयुष नावाचा एक आयटीतला मुलगा येई. तो गळ्यातला कंपनीचा पट्टा रविवारीही काढत नसे. सर्जेरावांना निरीक्षक म्हणून बोलावलं गेलं. निरीक्षकाला मत नसतं हे रंगरावांनी त्यांना नीट समजावून सांगितलं.

"चा असतो ना?" सर्जेरावांनी विचारलं.

"चहा असतो."

"मग हाय मी."

पहिली बैठक मैत्रेयच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत झाली. कोण कुठे बसणार यावरच ती तटली. बर्नला देश फ्रेंच वर्णानुक्रमाने बसतात, असं रंगरावांनी सांगितलं. उकिडवे म्हणाले, इथे मराठी वर्णानुक्रम पाळला जाईल. आयुष म्हणाला, "अंकल, नॉट फेअर हं. आमच्या सोसायटीत अर्धे लोक बाहेरचे आहेत, इंग्लिश अल्फाबेट न्यूट्रल आहे." मराठीच्या अस्मितेवर उकिडवे पुष्कळ बोलले. जागतिकीकरणावर आयुष तेवढंच बोलला. चहा दोनदा झाला. शेवटी सर्जेरावांनी सहज विचारलं, की मराठीत कोण पहिलं येतं? अनुपम, मग मैत्रेय, मग सिद्धकला. आणि इंग्रजीत? सगळ्यांनी मनातल्या मनात जुळवून पाहिलं. इंग्रजीतही अनुपम, मग मैत्रेय, मग सिद्धकला. अखेर दोन्ही पद्धतींनी बसण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि महासंघाने एकमताने मंजूर केलेला हा पहिला आणि शेवटचा ठराव होय.

नोंदणीसाठी रंगराव एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी संस्थेचा हेतू विचारला. 'शेजारी संस्थांमधील शांतता व सहकार्य' असं रंगरावांनी सांगितल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "क्रीडा, सांस्कृतिक की धार्मिक, तेवढं सांगा. शांतता नाहीये यात." रंगरावांनी जड मनाने सांस्कृतिक सांगितलं. "मग वर्षातून एक कार्यक्रम घ्यावा लागेल," बाई म्हणाल्या, "लेझीम चालेल."

दाराच्या रक्षणाचा विषय निघाला तेव्हा रंगरावांना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची आठवण झाली. शांतिसेनेचं डोकं निळं असतं. त्यांनी बाजारात जाऊन दोन्ही सोसायट्यांच्या रखवालदारांसाठी निळ्या टोप्या आणल्या. पण बाजारात निळ्या टोप्या मिळाल्या त्या एका वॉटरप्रूफिंगवाल्याच्या जाहिरातीतल्या उरलेल्या, आणि त्यांच्यावर 'आता गळती विसरा' असं लिहिलेलं होतं. मैत्रेयचा रखवालदार सीताराम टोपी घालून उभा राहिला, आणि दुपारपर्यंत तीन बायकांनी त्याला आपापल्या न्हाणीघरात नेऊन ओल दाखवली. रंगरावांनी टोपी काढायला सांगितली तर तो म्हणाला, "राहू द्या साहेब, पाहुण्यासारखं बसवून चहा देतात."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग कराराच्या मसुद्यात 'जैसे थे' हे कलम आलं. करार होईपर्यंत सरहद्दीवर कोणतीही अनधिकृत हालचाल होणार नाही, असं ते कलम. ते रंगरावांनी स्वतःच लिहिलं होतं, कारण सगळ्या चांगल्या करारांत ते असतं. उकिडव्यांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं, "अनधिकृत हालचालीत भांडी येतात का?"

रंगरावांनी तत्त्वासाठी, आणि आपण निःपक्ष आहोत हे दाखवण्यासाठी, येतात असं म्हटलं.

चार दिवसांनी अनुपमच्या समितीने भिंतीची उंची दोन हात वाढवली. वाटाघाटी चालू असलेली सरहद्द सुरक्षित असावी, असं त्यांचं म्हणणं. मैत्रेयने उत्तरादाखल आपल्या झाडाच्या सावलीत अनुपमच्या स्कूटर लावायला बंदी केली. अनुपमने मग आपल्या शेवग्याची इकडे झुकलेली फांदी छाटली. ज्या भिंतीवरून इतकी वर्षं खीर आणि आमटी गेली-आली, तिथून आता आवाजसुद्धा धड जात नव्हता. शर्मिलाताईंनी नवीन कुंडी उपडी घालून पाहिली, तिच्यावर चढून टाचाही उंचावल्या. पलीकडून दुर्गाबाईंचा नुसता आवाज आला, "शर्मिला, तू आहेस का गं?" आणि त्या "आहे" म्हणाल्या. पुढे काय बोलायचं ते दोघींना सुचेना, कारण तोंड न दिसणाऱ्या माणसाशी भाजीबद्दल बोलता येत नाही.

त्या दिवसापासून शर्मिलाताईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवण वेळेवर वाढलं जाई, पण पानात कसल्या गप्पा नसत. रंगरावांना हे फार लागलं. एवढी खटपट केली ती हिच्याच पायासाठी, आणि आता आपल्याच घरात आपण निरीक्षक झालो, असं त्यांना वाटू लागलं. एका दुपारी ते भिंतीजवळ गेले तेव्हा शर्मिलाताई तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. ते तसेच परत फिरले. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांना रडू यायला झालं.

आता दार व्हायलाच हवं होतं. दाराचा ठराव मताला टाकायची बैठक त्यांनी बोलावली. गच्चीवर खुर्च्या दोन्ही वर्णानुक्रमांनी मांडल्या. या खेपेला त्यांनी बर्नचं नाव घेतलं नाही.

"एवढंच सांगतो," ते म्हणाले, "आमच्या घरात एक बाई आहे, अनुपममध्ये एक बाई आहे. त्यांना एकमेकींशी बोलायचं आहे. बाकी महासंघ तुम्ही विसरलात तरी चालेल."

असं साधं बोलणं महासंघात आजवर झालं नव्हतं.

मग रंगरावांनी अनुपमचं मत विचारलं. "बघू," उकिडवे म्हणाले.

मैत्रेयच्या समितीने आपलं मत आधीच चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं. चिठ्ठीत 'बघू' होतं.

"सिद्धकला?"

"लेट्स सी, अंकल," आयुष म्हणाला. पुण्यात राहून इतक्या वर्षांत पोरगा बाकी काही शिकला नसेल, पण 'बघू'चं इंग्रजी त्याला अचूक करता येत होतं.

रंगरावांनी मान खाली घातली. एव्हाना त्यांना बघूचा अर्थ कळला होता. उगाच कुणाला वगळल्यासारखं नको म्हणून त्यांनी निरीक्षकांकडेही पाहिलं.

"बघतो की," सर्जेराव बशीतला चहा संपवत म्हणाले.

म्हणजे हाही गेला. ठराव एकमुखाने फेटाळला गेला असं रंगरावांनी जाहीर केलं, खुर्च्या घडी केल्या आणि खाली येऊन ते अंथरुणावर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव दाढी करत असताना खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मागून असा काही आवाज आला की त्यांनी अर्ध्या फेसासकट धाव घेतली. अनुपमच्या बाजूला सर्जेरावांचा जेसीबी उभा होता, धूळ वर चालली होती, आणि भिंत मधोमध नव्हती. दार म्हणावं असं ते काही नव्हतं. एक टँकर आरामात जाईल एवढी भिंत उताणी पडली होती आणि विटांच्या ढिगाच्या कडेला सर्जेराव कमरेवर हात ठेवून उभे होते.

"हे काय केलंत?" रंगरावांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"आता काय सांगावं सायेब. दारापुरतंच कोरायचं हुतं, पर भिंत कच्ची निघाली. नुसता हात लावला तर बसलीच."

"पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

सर्जेरावांना हा प्रश्नच कळला नाही. "तुमीच नव्हं का काल इचारलं? मी म्हणलं न्हवतं का, बघतो म्हणून?"

आणि रंगराव तोंडावरचा फेस वाळत असताना समजून चुकले. इतके दिवस ते ज्या शब्दाशी झगडत होते, त्याची या गल्लीतच दोन घरं होती. गच्चीवरच्या बाकीच्यांनी बघू म्हटलं ते विषय मिटवण्यासाठी. या वस्तीआधी इथे जे गाव होतं, ज्यात सर्जेराव वाढले, तिथे बघतो म्हटलेला माणूस ते काम अंगावर घेतो, आणि मग त्याला आठवण करून देणं हा त्याचा अपमान असतो.

तोवर उकिडवे बंडीवर आले. आयुष गळ्यात पट्टा घालून आला. दोन्ही सोसायट्यांच्या गॅलऱ्या भरल्या. सीताराम 'आता गळती विसरा' टोपी घालून ढिगावर उभा राहिला आणि कुणी पुढे येऊ नये म्हणून हात पसरू लागला. शांतिसेनेचं तेवढं एक काम त्या दिवशी झालं.

"भिंत तत्काळ बांधून झाली पाहिजे," उकिडवे म्हणाले.

"व्हय की," सर्जेराव म्हणाले, "विटा-वाळू माझ्याकडं हायेच. सांगा, कुणाच्या नावानं बिल करू?"

असं विचारल्यावर सर्जेरावांनाच भरपाई मागणं खरं तर सरळ होतं. पण दिवस मार्चचे होते, आणि एप्रिलात टँकर कोणाकडून येतो हे गॅलरीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. उकिडव्यांनी घसा साफ केला.

"ही भिंत मुळात मैत्रेयची," ते म्हणाले.

"छे, छे, अनुपमची," मैत्रेयच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं.

"उंची तर तुम्ही वाढवलीत," दुसऱ्या गॅलरीतून आलं.

"वाढवलेला भाग आमचा. तो वर होता. खालची भिंत तुमची. खालची पडली म्हणून आमची पडली. तेव्हा नुकसान आमचं झालंय," उकिडवे म्हणाले. या युक्तिवादाला बर्नमध्येसुद्धा टाळ्या पडल्या असत्या.

आयुषने ही भिंत सिद्धकलाच्या स्कोपमध्येच येत नसल्याचं सांगितलं आणि बस चुकेल म्हणून तो निघाला. बराच वेळ दोन्ही बाजूंनी भिंत एकमेकांना देऊन झाली. ऊन चढलं. कुणाचा कुकर शिट्टी देऊ लागला. शेवटी, तिथल्या तिथे तातडीची बैठक समजून, रंगरावांनी विचारलं, "मग भिंत पुन्हा बांधायचा ठराव मांडू का?"

उकिडव्यांनी विटांकडे पाहिलं, सर्जेरावांकडे पाहिलं, आणि आकाशाकडे पाहिलं.

"बघू," ते म्हणाले.

"बघू," गॅलऱ्यांतूनही आलं.

अर्थ कळल्यापासून हा शब्द ऐकून रंगरावांना पहिल्यांदाच आनंद झाला. या शहराने एकदा बघू म्हटलं म्हणजे ही भिंत काही पुन्हा उभी राहत नाही, याला आता कोणाच्या सहीची गरज नव्हती. लोक पांगले. महासंघही त्या दिवशी पांगला, फक्त कचेरीतल्या नोंदीत तो अजून असेल आणि त्याचा लेझमीचा कार्यक्रम थकलेला असेल.

दुपारची झोप झाल्यावर दुर्गाबाई विटांमधून पदर सावरत आल्या. शर्मिलाताईंनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची तशीच होती, तिच्यासमोर आता भिंत तेवढी नव्हती. शेजारी दुसरी खुर्ची आली. दोघी पहिल्यांदा नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या. "वाळलीस गं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठे मोठ्या भरल्या आहात," शर्मिलाताई म्हणाल्या, आणि राहिलेल्या सगळ्या दिवसांच्या भाज्या, दुखणी आणि सुना यांचा आढावा सुरू झाला. रंगराव घराच्या मागच्या दाराआड उभे राहून ऐकत होते. बाहेर यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

दुर्गाबाईंना ते दिसले. "अहो रंगराव, जागा झाली ते उत्तम झालं, पण ऊन फार लागतं हो इथे. काही सावलीचं होईल का?"

रंगरावांनी तोंड उघडलं. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी घेऊन एक उपसमिती नेमता येईल, असं वाक्य त्यांच्या जिभेवर अगदी तयार होतं. तेवढ्यात शर्मिलाताईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"बघतो," रंगराव म्हणाले.

ते घरात गेले, कपाट उघडलं, आणि प्लास्टिकची पिशवी फाडून बर्नची छत्री बाहेर काढली. पडक्या भिंतीतून वर आलेल्या एका गजाला त्यांनी ती सुतळीने घट्ट बांधली आणि उघडली. इतक्या वर्षांनी उघडताना ती थोडी कुरकुरली. दोन्ही खुर्च्यांवर सावली पडली. कडेची अस्वलं एकामागे एक गोल फिरून जिथून निघाली तिथेच परत येत होती.

"ही ती बर्नची?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"तीच," शर्मिलाताई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "उभे काय राहिलात? तुमची खुर्ची घेऊन या. आणि येताना चहाचं आधण ठेवून या."